बाबांचा होकार

मोटरहोम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर काय येतं कोण जाणे. मोकळा रस्ता, खिडकीत कोपर टेकून बसलेली सुखी माणसं, मागे लाल डोंगर. माझ्या डोळ्यांसमोर येतात ती खडखडणारी कपाटं. चमचे, ताटल्या, कुकरचं झाकण, पलंगाखाली ठेवलेली शिडी, सगळं एकाच वेळी बोलत असतं आणि त्यात माझा नवरा स्टिअरिंगला दोन्ही हातांनी धरून ओरडत असतो, "मागे काय पडलं गं?" काय पडलं ते बघायला उठावं तर आपणच पडतो. पहिल्या दिवशी मी दोनदा उठले. मग म्हटलं, पडू दे मेलं काय पडायचं ते.

हे सगळं बाबांसाठी चाललं होतं. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि बाबा नागपूरच्या घरात एकटेच राहत होते. मागच्या वर्षी बाथरूममध्ये पाय घसरून पडले. शेजारच्या काकूंना दुपारपर्यंत अंगणातला पेपर तसाच पडलेला दिसला, तेव्हा त्यांनी दार वाजवलं. आतून कडी. शेवटी सुताराला बोलावून दार तोडलं. तोवर हा माणूस अर्धा दिवस ओल्या फरशीवर. मला फोन आला तेव्हा इथे अमेरिकेत, चँडलरमध्ये रात्र होती. काय करणार मी, चपला घालून नागपूरला थोडीच पळत जाणार? त्या दिवशी ठरवलं की बस झालं, बाबांना इथे आणायचं आणि इथेच ठेवायचं.

आणायला आणलं. व्हिजिटर म्हणून आले. सहा महिन्यांची मुदत. त्यांच्या ग्रीन कार्डची तयारी मी आधीच करून ठेवली होती, वकिलाशी बोलणं झालं होतं, फक्त बाबांनी एकदा "हो" म्हणायचं बाकी होतं. आणि ते काही केल्या म्हणेनात. नाहीही म्हणेनात. "पाहू नं." एवढंच. परतीचं तिकीट महिनाअखेरचं होतं, ते कॅन्सल करायचं की नाही हे मला कळायला हवं होतं. रोज विचारून विचारून माझंच तोंड दुखायला लागलं.

शेवटी एक दिवस डाळीला फोडणी देता देता मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं, "बाबा, एकदा काय ते सांगून टाका. माझा जीव टांगणीला लावू नका."

तर म्हणाले, "अगं, तू ते कॅन्यन-बिन्यन दाखवते म्हणाली होतीस नं? ते पाहून येऊ. मग सांगतो."

म्हणून हा प्रवास. बाबांना साखर आहे, बाथरूमला सारखं जावं लागतं आणि गाडीत बसून बसून पाय सुजतात. तेव्हा संडास, पलंग आणि गॅस सगळं सोबत घेऊन जाणारी गाडी भाड्याने घ्यायची, ही नवऱ्याची अक्कल. महिनाभर त्याने व्हिडिओ पाहिले. कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कारखान्यात एवढ्या मोठ्या मशिनी सांभाळतो, तर ही काय गाडी, असं त्याचं म्हणणं. मी म्हटलं, कर बाबा काय करायचं ते. मला वाद घालायचंही त्राण नव्हतं. सहा महिने ऑफिस, बाबांचं बिनसाखरेचं, डॉक्टर, इन्शुरन्सचे फोन आणि रात्री भारतातल्या टीमबरोबर मिटिंगा. लेक कॉलेजला दुसऱ्या गावी. तिला विचारलं येतेस का, तर म्हणाली, "विथ यू गाईज, इन वन रूम, फॉर अ वीक? नो थँक यू." खरं सांगायचं तर मला तिचा हेवा वाटला.

निघताना बाबांनी चाकांखाली लिंबं ठेवली. भाड्याने देणारा माणूस समोर उभा. नवरा ओशाळून त्याला काहीतरी समजावत होता आणि बाबा म्हणत होते, "सांगू नका त्याला काही, जावईबापू. चालवा नुसती." लिंबं चिरडली, गाडी हलली आणि मला एकदम लक्षात आलं की बाबांचा हा आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता.

बाबा आयुष्यभर वीज मंडळात होते. खांबांवर चढणारी माणसं त्यांच्या हाताखाली, आणि आवाज असा की खालून हाक मारली तर पुढच्या खांबावरचा माणूसही दचकायचा. माझ्या लग्नात ऐन मुहूर्ताच्या वेळी हॉलची वीज गेली, तेव्हा तिथल्या मॅनेजरला बाजूला सारून नव्या धोतरात फ्यूज बदलणारे ते. चँडलरच्या घरात मात्र त्यांना हात लावायला काही उरलं नव्हतं. दिवे फोनवरून, बागेचं पाणी फोनवरून, गॅरेजचं दार फोनवरून. दिवसभर सोफ्याच्या एकाच कोपऱ्यात बसून असत.

ह्या गाडीत त्यांना घबाडच सापडलं. बॅटरी किती उरली, गॅस किती, पिण्याचं पाणी किती, सांडपाण्याची टाकी किती भरली, सगळ्याचे काटे. बाहेरून जोडायची जाड केबल, पाण्याची नळी. पहिल्याच मुक्कामी त्यांनी सगळं फिरून पाहिलं, वाकून गाडीच्या पोटाखाली डोकावलं आणि आत येऊन जाहीर केलं, "गाडी ठीक आहे. लोकं हलगर्जी आहेत." लोकं म्हणजे आम्ही.

मग त्यांनी नियम केला. चपला बाहेर.

नवरा म्हणाला, "बाबा, ही गाडी आहे."

"गाडीत कोणी वरणभात शिजवते का? इथेच शिजवून राहिलो, इथेच झोपून राहिलो. मग घरच झालं नं? बाहेरची माती आत नको."

बाहेरची माती म्हणजे काय विचारता. लाल, पिठासारखी बारीक, मोज्यांच्या विणीत शिरणारी. बाबांचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. मी घरून आणलेलं पायपुसणं दारासमोर टाकलं आणि त्यावर तीन जोड्या ओळीने लागल्या. आत सगळे अनवाणी. नवरा तर मोजे घालूनच गाडी चालवायचा. निघायच्या वेळी बाबा बाहेरून एक चक्कर मारत, केबल काढली का, नळी गुंडाळली का, कप्प्यांची दारं लावली का ते बघत आणि खांबाखाली उभे असल्यासारखे ओरडत, "लाइन क्लिअर!" मग शेवटी दाराशी बूट काढून वर येत. बाजूच्या जागेवरचे अमेरिकन आजीआजोबा कॉफीचे कप धरून रोज हा सोहळा बघायचे.

दोनतीन दिवस मला वाटलं, जमतंय की. कॅन्यन सुंदर होते. ते असतातच. दरी आली की गाडी थांबायची, आम्ही उतरायचो, वारा तोंडावर लाल धूळ मारायचा, फोटो काढायचे, पुन्हा चढायचं. माझी कंबर त्या बाकावर बसून मोडून आली होती. पण बाबा खुशीत होते. पहिली मोठी दरी पाहिली तेव्हा कठड्याशी बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "केवढं खोल आहे बाप्पा! इथून पलीकडे लाइन कशी नेली असेल?" नवऱ्याने फोनवर शोधून सांगायचा प्रयत्न केला, तर म्हणाले, "राहू द्या, मी विचार करून राहिलो." दिवसभर विचार करत होते. संध्याकाळी मी फुलके लाटत होते, ते शेजारी बसून हिरवी मिरची चिरत होते, आणि मनातल्या मनात मी सांगून टाकलं, हे हो म्हणणार. इतके खुशीत आहेत, म्हणणारच.

आणि दुसऱ्या दिवशी आम्ही चपला विसरलो.

विसरलो म्हणजे काय, गाडी निघाली आणि त्या तिथेच राहिल्या. पेज नावाच्या गावाच्या पुढचा तो मुक्काम. सकाळी बाबांनी चक्कर मारली, केबल पाहिली, नळी पाहिली, "लाइन क्लिअर" म्हणाले, बूट काढले, आत आले. नवऱ्यानेही सगळं आवरून बूट काढले, आत आला, मोज्यांवर स्टिअरिंगमागे बसला. मी तर आधीपासूनच आत. दार उजव्या अंगाला, ड्रायव्हर डाव्या अंगाला, त्याला ते पायपुसणं दिसायची सोय नव्हती. इतक्या दिवसांत निघताना चपला मी आत ओढून घ्यायचे. त्या दिवशी माझा ऑफिसचा फोन चालू होता. कोणाचंच लक्ष गेलं नाही.

दोन-अडीच तास चाललो. युटा राज्यात शिरलो. ह्या प्रवासातली सगळ्यात बघण्यासारखी जागा म्हणून जिचं नाव नवरा महिनाभर घेत होता, तिथल्या पार्किंगमध्ये ते धूड चार जागा अडवून उभं राहिलं. मी दार उघडलं, पायरीवर बसले आणि नेहमीसारखा पाय खाली सोडला. पाय हवेत चपला शोधत राहिला.

"अरे देवा!"

"काय झालं?" नवरा आतून.

"चपला कुठायत?"

तो आला, वाकून बघितलं, गाडीखाली बघितलं, जणू त्या आमच्यामागून धावत आल्या असतील. मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तिसरा कोणी असता तर पोट धरून हसला असता. मला हसू येत नव्हतं. माझ्या आणि नवऱ्याच्या चपला गेल्या खड्ड्यात. बाबांचे बूट साधे नव्हते. साखरेमुळे त्यांच्या तळपायांना काही कळत नाही. काटा रुतला, खडा लागला, तरी पत्ता नसतो, आणि जखम झाली तर चिघळते. पायांच्या डॉक्टरकडे माप देऊन ते बूट करवून घेतले होते, आणि बाहेर एक पाऊलही अनवाणी टाकायचं नाही, असं त्याने मला बजावलं होतं.

बाबा दाराशी आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मी सगळं पाहिलं होतं," म्हणाले. "केबल पाहिली. नळी पाहिली." मग म्हणाले, "जाऊ दे, समोर तर आहे. एवढंसं अंतर आहे नं, दगडावरून जाऊन येतो." आणि त्यांनी पाय खाली टाकला.

"एक पाऊल टाकायचं नाही बाबा!"

एवढ्या जोरात ओरडले की पलीकडच्या गाडीतली माणसं वळून बघायला लागली. बाबा जागच्या जागी थांबले. मग हळूच पाय वर घेतला.

त्यानंतर आम्हा नवराबायकोचं जे जुंपलं ते विचारू नका. तू बघायला हवं होतंस, नाही तू बघायला हवं होतंस. तुझा फोन. तुझे मोजे. बोलता बोलता मी म्हणून गेले की ही चपला बाहेर काढायची भानगडच नको होती, हे काय नागपूरचं घर आहे? नवऱ्याने नुसता आत डोळ्यांनी इशारा केला. बाबा बाकावर बसले होते. हात मांडीवर. खिडकीतून त्यांना समोरच्या दरीचा वरचा काठ तेवढा दिसत होता, मध्ये पार्किंगची पाटी. तेवढंच त्यांनी त्या जागेचं पाहिलं. नवरा मात्र मोज्यांवर काठापर्यंत जाऊन चार फोटो काढून आला. असा संताप आला मला!

मुक्कामाच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या बाईने चपला उचलून ठेवल्या होत्या. म्हणाली, "इतक्या नीट ओळीत होत्या की मला वाटलं, तुम्ही जागच्या जागी आहात आणि गाडीच तेवढी चोरीला गेली." ती एकटीच हसली. पुढच्या गावात दुसरे बूट घ्यावेत असं नवऱ्याचं मत होतं, पण बाबांना अंगठ्याची चप्पल चालत नाही, भलत्या मापाचा बूट चालत नाही. तेव्हा परत फिरणं आलं. पुढचं बुकिंग गेलं, तो दिवस गेला, आणि ज्या कॅन्यनसाठी सगळा खटाटोप केला होता, तो मागे राहिला. परतताना उन्हात तेच लाल डोंगर उलट्या बाजूने आले. मला ते बघवेनात. डोळे मिटून बसले.

"पाणी घेऊ का?"

डोळे उघडले. बाबा विचारत होते.

"घ्या ना बाबा. विचारता काय?"

थोड्या वेळाने, "ही खिडकी जराशी उघडू का?"

"उघडा."

मग कितीतरी मैल गेले. त्यांची चुळबुळ मला दिसत होती, पण बसून पाठ दुखत असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. शेवटी अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "बाथरूमला जाऊ का?"

मी सावरून बसले. ह्या गाडीत संडास त्यांच्यासाठीच होता. त्यांच्यासाठीच तर ती गाडी होती. आणि ते शाळेतल्या मुलासारखे माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत थांबले होते. मी मान हलवली तेव्हा उठले, कपाटांना धरत धरत गेले.

मग माझ्या डोक्यात एकेक यायला लागलं. घरी ते "टीव्ही लावू का?" विचारायचे. "चहा ठेवू का?" विचारायचे. सुरुवातीला एकदा त्यांनी भाजी करपवली होती, धुराचा भोंगा वाजून गल्ली जागी झाली होती, त्यानंतर असेल. नाहीतर एकदा दुपारी एकटेच फिरायला गेले आणि सारख्या दिसणाऱ्या घरांत चुकले, त्यानंतर असेल. मला वाटलं होतं, बाबा किती समजूतदार झालेत. ऑफिसात मैत्रिणींना कौतुकाने सांगितलंही होतं. आमचे बाबा बाई काही त्रास देत नाहीत.

बूट मिळाले. बाईने ते वर्तमानपत्रात गुंडाळून दिले. त्या मुक्कामी दुसरी एक जागा रिकामी होती, तिथेच राहिलो. बाबांनी बूट घातले, बाहेर थोडे फिरले, आणि येताना बूट हातात धरून आत आले. कोपऱ्यात कागद अंथरून त्यावर ठेवले. बाहेर काढायचं नाव नाही. नवरा म्हणाला, "अहो बाबा, राहू द्या ना बाहेर, मी बघतो." ते नुसते हसले.

उजेड असतानाच जेवलो. मी ताटं विसळत होते. बाबा म्हणाले, "पोरी, जरा बस."

बसले.

"मी राहतो इथे. तुम्ही दोघं म्हणाल तसं. ते काय कागद-बिगद भरायचे असतील ते भरून टाक."

नवऱ्याने माझा हात दाबला. सहा महिने मी ह्या एका वाक्यासाठी देव पाण्यात बुडवून बसले होते. उठून नाचायला हवं होतं मी. "बरं झालं बाबा," म्हणाले आणि पुन्हा ताटं विसळायला उभी राहिले. विसळलेलीच ताटं पुन्हा विसळली. हात चालत होते, पण आनंद होईना. दमलेय म्हणून असेल, असं स्वतःला सांगितलं. दमले तर होतेच, पार मेटाकुटीला आले होते. पण ते तेवढंच नव्हतं. "तुम्ही म्हणाल तसं" हे शब्द माझ्या बाबांच्या तोंडचे नव्हते. माझ्या आईने जन्मभर त्या शब्दांची वाट पाहिली, तिलाही मिळाले नाहीत.

सकाळी निघायच्या आधी सांडपाण्याची टाकी रिकामी करायची होती. हे काम कोणी फोटोत दाखवत नाही. जमिनीत एक भोक असतं, गाडीतून जाड पाईप त्यात सोडायचा, पाईपचं तोंड गाडीच्या नळाला फिरवून घट्ट बसवायचं आणि मग झडप ओढायची. नवरा हातमोजे चढवून, तोंड वाकडं करून कामाला लागला. मी पाण्याची नळी धरून बाजूला. बाबा आत, उघड्या खिडकीत, बरोबर आमच्या डोक्यावर बसलेले.

नवऱ्याने झडप ओढली आणि पाईप सटकला. पुढचं सांगत नाही. काल अडीच तास मागे येऊन मिळवलेले त्याचे बूट, पँट, सगळं. तो नाचत मागे सरला, मी किंचाळत झडप ढकलली. कशीबशी बंद झाली.

वरून बाबा म्हणाले, "ते नीट बसलं नव्हतं. अर्धंच फिरलं होतं."

"तुम्हाला दिसत होतं?" मी विचारलं.

"दिसत होतं नं."

"मग बोलला का नाहीत?"

"म्हटलं, सांगू की नको."

नवरा नळीखाली पाय धरून उभा होता, वैतागून काहीतरी पुटपुटत होता. मला काही ऐकू येत नव्हतं. हा माणूस, ज्याने आयुष्यभर कोणाचा चुकीचा हात दिसला की अर्ध्या मैलावरून शिव्या घातल्या, तो डोळ्यांसमोर पाईप सुटताना बघत बसला होता. तोंडातून शब्द काढू की नको, ह्याचा विचार करत. अशाच माणसाला मी चँडलरला घेऊन चालले होते. त्याला तिथे ठेवणार होते, सुरक्षित, बिनकडीच्या बाथरूममध्ये, माझ्या नजरेसमोर. आणि तो रोज मला पाण्याचं विचारणार होता.

मी आत गेले. हात धुतले आणि बाबांच्या समोर बसले.

"बाबा, महिनाअखेरचं तिकीट आहे ना, ते मी कॅन्सल करत नाही. तुम्ही जा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "का? मी हो म्हटलं नं तुला."

"म्हटलंत. पण तुम्ही जा."

"रागावली का? चपलांवरून?"

"नाही हो बाबा." आणि मला रडूच फुटलं. "इथे तुम्ही कोणीतरी दुसरेच होत चालला आहात. मला नाही ते बघवत."

बाबा खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, आता म्हणतील, नाही नाही, मी राहतो. म्हणाले असते तर मी पुन्हा ठाम राहिले असते की नाही, मला माहीत नाही. पण ते वेगळंच बोलले.

"पुन्हा पडलो तर?"

म्हणजे त्यांनाही भीती होती. मला वाटत होतं, ती एकट्या मला आहे. सहा महिने दोघं एकाच घरात तीच भीती घेऊन वावरत होतो आणि त्यावर एकदाही बोललो नव्हतो. खोटं सांगायचा कंटाळा आला होता.

"माहीत नाही बाबा," मी म्हटलं.

"हं. किल्ली आहे त्या काकूंकडे. आतली कडी नाही लावणार मी. आंघोळीला जाताना त्यांना आवाज देऊन जाईन."

"द्या नक्की."

"देईन म्हटलं नं. किती वेळा सांगू?"

तो "किती वेळा सांगू" ऐकून माझ्या अंगावर काटा आला. हाच आवाज. बाबा उठले, पायरीवर बसून बूट घातले आणि खाली उतरले. मला विचारलं नाही. "सरका जावईबापू," म्हणाले. "हातमोजे द्या इकडे. असं नाही फिरवत. कट्ट आवाज आला पाहिजे, तोवर झडपेला हात लावायचा नाही. कोणी शिकवलं तुम्हाला?" नवरा ओल्या पँटमध्ये मुकाट्याने बाजूला झाला. माझ्याकडे बघून त्याने खांदे उडवले. मी वळले आणि ओट्याला टेकून, तोंड पदराने पुसावं तसं टॉवेलने पुसत, मनसोक्त रडून घेतलं. मीच मागितलेला होकार मी परत करून टाकला होता आणि माझ्या बाबांना पुन्हा त्या घरात एकटं पाठवायचं ठरवलं होतं. शहाणपणा केला की मूर्खपणा, ते तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही.

निघालो. बाबा पुढे नवऱ्याशेजारच्या सीटवर बसले. वळणं, ब्रेक, आरसे, सगळ्यावर त्यांच्या सूचना सुरू झाल्या. घराच्या वाटेवरचं फ्लॅगस्टाफ गाव जवळ आल्यावर झाडं दिसायला लागली. तिथे कुठेतरी ते मागे वळले.

"आणि तू कधी येणार नागपूरला?"

"मी?"

"मग कोण? सहा महिने तू मलाच विचारून राहिली, राहता का, राहता का. तुझं काय?"

आई गेली तेव्हा मी गेले होते, तेवढंच. नंतर रजा नव्हती, मग लेकीचं कॉलेज, मग प्रोजेक्ट. "येते ना बाबा," मी म्हटलं. "डिसेंबरात येते."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. मग पुन्हा रस्त्याकडे वळले आणि समोरच्या काचेलाच सांगावं तसं म्हणाले, "उगाच हो म्हणू नको. हो म्हणायला काय लागते. काल मीही म्हटलंच होतं."